डॉक्टरांच्या सांगण्यावरून

नौबाद, बीदर
२१ नोव्हेंबर २०१०, रविवार

चि. श्रीवत्स यास कुसुमअक्काचे अनेक आशीर्वाद.

मी इथं बरी आहे. तुम्ही सगळे तिकडे सुखरूप असाल. यंदा थंडी लवकर आली, सकाळी गुडघे धरतात, पण कामाला खंड नाही. परवा भार्गवीचा बंगळूरहून फोन आला होता. तुझी लेक आता अगदी मोठ्या माणसासारखी बोलते. तुझ्या नव्या दवाखान्याचा रंग लावून झाला आणि पाटीवर आपल्या अप्पांचं नाव घालणार, हे तिनंच सांगितलं. ‘हणमंतराव रुग्णालय.’ औरादच्या शाळेत जन्म काढलेल्या मास्तरचं नाव गुलबर्ग्याच्या रस्त्यावर लागणार! सव्वीस जानेवारीला उद्घाटन आहे म्हणाली. मी दोन दिवस आधीच येईन असं तिला कबूल केलंय. पुरणपोळ्या मीच करणार, आचाऱ्याच्या हातची पोळी अप्पांच्या नावाला नको.

एवढं फोनवरही बोलता आलं असतं. पण मागच्या आठवड्यात दर वेळी तू ‘अक्का, पेशंट बसलेत, नंतर बोलू’ म्हणालास आणि ठेवलास. म्हणून कागद घेतला.

विषय इथल्या वृद्धाश्रमाचा आहे. तू महिन्यातून एका रविवारी येतोस, एका बैठकीत सगळ्यांना तपासून चहा घेऊन जातोस. मी सरकारी दवाखान्यातून रिटायर झाल्यापासून इथं सिस्टर म्हणून रोज असते. म्हणून तुला जे दिसत नाही ते नीट सांगते. वाचताना मध्ये उठू नकोस.

आपल्या भागातली जी मंडळी अमेरिकेत आहेत त्यांची मदत सुरू झाल्यापासून दर महिन्याला प्रत्येकाचा तपासणीचा फॉर्म भरावा लागतो, हे तुला माहीत आहे. त्यात वजनाचा रकाना आहे. महिन्यात शंभराला पाच किंवा सहा महिन्यांत शंभराला दहा इतकं वजन उतरलं तर खूण करायची. खुणेला दोन घरं आहेत. पहिलं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून वजन कमी केलं. दुसरं, डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना वजन उतरलं. दुसऱ्या घरात खूण पडली की माणसाला तपासायचं, खाणं बदलायचं, घरच्यांना कळवायचं, आणि मदत पाठवणाऱ्यांना कारण लिहून द्यायचं. पहिल्या घरात पडली की काही करायचं नाही. कारण ते तर औषध झालं!

गेल्या रविवारी तू चार बायकांच्या फॉर्मवर पहिल्या घरात खूण केलीस.

मी बाजूलाच उभी होते. मला वाटलं हात चुकला. मग दुसरीलाही तेच, तिसरीलाही तेच. तू मान वर केली नाहीस. शेजारी बसवंतप्पा संस्थेचे अध्यक्ष म्हणून बसले होते आणि तुझ्याशी दवाखान्याच्या उद्घाटनाला कोणता मंत्री बोलवायचा ते बोलत होते.

सुगंधाबाई तुला आठवते का? आठवणार नाही. कोपऱ्यातल्या खाटेवरची, उंच, कपाळावर गोंदण असलेली. औरादजवळच्या वाडीची धनगराची बाई. नवरा लिंगाप्पा मेंढरं घेऊन मैलोगणती फिरायचा, ही मागून पोरगं पाठीला बांधून चालायची. आता नवरा नाही, मेंढरं नाहीत. मुलगा सुनीलकुमार हैदराबादला मोठमोठ्या इमारतींवर मुकादम आहे, बायकोही तिथंच कामाला जाते. पत्र्याच्या एका खोलीत आईला दिवसभर एकटीला कुठं ठेवणार, म्हणून इथं आणून सोडलं. आली तेव्हा हिचा आवाज गेटपर्यंत ऐकू यायचा. वजनकाट्यावर उभी केली की मला म्हणायची, “सिस्टरबाई, मेंढराचं वजन करत्यात इकायच्या टायमाला. मला कुटं इकायलाव?” आणि सगळी खोली हसायची.

उन्हाळ्यात ही बाई चव्वेचाळीस किलो होती. आता सदतीस आहे. गेल्या रविवारी तिला काट्यावर उभी केली तर तिनं काहीच म्हटलं नाही, माझ्या खांद्याला धरून राहिली. आणि तिच्या फॉर्मवर माझ्या डॉक्टर भावानं लिहिलं की आमच्याच सांगण्यावरून हिला बारीक केलं. कामून रे? तिला काय आता दाखवायला बसवायची आहे?

वजन उतरण्याचं एक कारण मला माहीत आहे, ते सांगते. पावसाळ्यात बसवंतप्पांनी संध्याकाळच्या दोन बाया कमी केल्या. आता रात्रीच्या जेवणाला एकटी शिवम्मा असते. ज्यांना भरवावं लागतं असे निम्म्याहून जास्त आहेत. ती ताटं मांडत जाते आणि टोकाला पोचली की पहिल्यापासून उचलत येते. मी तिला रागावले तर रडायला लागली. “मी कुणाकुणाला भरवू, अक्का? एकीचं तोंड पुसस्तोवर दुसरीचं गार व्हतंय. भांडी घासून मला शेवटची टमटम गाठायची असती.” तिची चूक नाही. पण ताट उचललं की ‘जेवण पूर्ण’ असं लिहिलं जातं.

चंद्रम्माचंही तसंच. तिचा उजवा हात लकव्यानं गेलेला, डाव्या हातानं एकेक शीत गोळा करते. शिवम्मा समोर आली की ‘आयतु, आयतु’ म्हणून स्वतःच ताट पुढं सरकवते. आयतु म्हणजे झालं, एवढं कानडी तुलाही येतं. तिचं काही झालेलं नसतं. ताट भरलेलं असतं.

मी भांडायला लिहीत नाही. मला एवढंच हवंय, त्या चार खुणा दुसऱ्या घरात कर. आणि एखाद्या रविवारी चहाच्या आधी खाटेपाशी ये.

घरात सगळ्यांना आशीर्वाद सांग.

तुझी
अक्का


नौबाद, बीदर
६ डिसेंबर २०१०

चि. श्रीवत्स यास आशीर्वाद.

पत्र पोचल्याचा तुझा फोन आला. तू जे बोललास ते मला झोपेतसुद्धा ऐकू येतंय, म्हणून त्याचं उत्तर आधी देते.

‘अक्का, ती नुसती एक खूण आहे.’ बरोबर. नुसती खूण आहे म्हणूनच ती कुठं पडते याला किंमत आहे. तुझ्या त्या खुणेमुळं सुगंधाबाईच्या मुलाला कुणी कळवलं नाही.

‘म्हातारपणी वजन उतरतंच.’ उतरतं. मग तसं लिहायचं होतंस. तू तर लिहिलंस की तू उतरवलंस.

‘मदत बंद पडली तर सगळीच म्हातारी रस्त्यावर येतील, तेव्हा तू काय करशील?’ हे वाक्य तुझं नाही, बसवंतप्पांचं आहे. त्याच शब्दांत ते माझ्याशीही बोलले होते. ती अमेरिकेतली मंडळी काय राक्षस आहेत का? त्यांनी तो रकाना कामून ठेवला असेल? कुणी उपाशी असेल तर कळावं म्हणून ठेवला. आपण त्यांच्या मदतीसाठी तोच रकाना खोटा भरायचा!

आणि शेवटी तू म्हणालास, ‘तू रिटायर झालीस अक्का, पण तुझी ड्युटी काही सुटत नाही.’ हसलास वर. तुला वाटलं मीही हसेन.

तू म्हाताऱ्यांसाठी पाठवलेले ताकदीच्या पावडरचे डबे मिळाले. मॅनेजर मल्लिकार्जुननं ते ऑफिसातल्या काचेच्या कपाटात लावून ठेवलेत, पाहुण्यांना दिसतील असे. मी मागितले तर म्हणाला, “वाटून संपले तर तपासणीला काय दाखवू?” पोरगा वाईट नाही. बसवंतप्पांपुढं त्याची मान वर होत नाही. तुझ्या खुणांबद्दल मी त्याच्याशी भांडले तेव्हा मला म्हणाला, “तुम्ही एवढ्या कामून तापायलाव? डॉक्टर तुमचेच भाऊ हायत की.”

हेच तर आहे रे! परका डॉक्टर असता तर मी त्याच दिवशी गेटवर अडवला असता.

घरच्यांना फक्त मॅनेजरनं फोन करायचा असा आश्रमाचा नियम आहे. मी तो मोडला. सुनीलकुमारला मी फोन केला. मी फार काही सांगितलं नाही. “एकदा येऊन आईला बघून जा,” एवढंच म्हणाले. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला, अंगावर कामाचे कपडे, बुटांना सिमेंट तसंच. हातात केळी आणि खारी. खोलीत शिरला आणि पुढच्या खाटा बघत बघत कोपऱ्यापर्यंत गेला. तिथून परत फिरला. मला म्हणाला, “सिस्टर, माय कुटं हाय? खाट बदलली काय?”

ती त्याच खाटेवर होती, श्रीवत्स. त्यानं तिला ओळखलं नाही.

सुगंधाबाईनं ओळखलं आणि हाक मारली. आवाज असा बारीक की कुणी दुसरंच बोलतंय असं वाटावं. तो जवळ जाऊन बसला, तिचं मनगट हातात घेतलं आणि बोटांनी नुसता चाचपत राहिला. मग मल्लिकार्जुनकडं वळला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“दर म्हैन्याला मी फोन करायलोय. तब्येत ठीक हाय, जेवायलीय, असंच सांगायलाव तुमी. ही जेवायलीय?”

मल्लिकार्जुननं फॉर्म पुढं केला. “डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं,” म्हणाला. त्याच्या तोंडून हे कसं निघालं मला कळत नाही. सुनीलकुमारनं फॉर्म हातात घेतला, इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. तो मला म्हणाला, “कोन डॉक्टर? मला भेटायचंय त्याला.”

मी खाली बघितलं. तो माझा भाऊ आहे, हे माझ्या तोंडून निघालं नाही.

आश्रमाची गाडी ‘गावाला गेलीय’ असं कळलं. त्यानं तिला पोत्यासारखी नव्हे, लेकराला घेतात तशी दोन्ही हातांवर घेतली आणि चालत गेटबाहेर निघाला. सुगंधाबाई त्याला म्हणत होती, “आरं, तुझी खाडी पडंल. तू जा कामाला. मी ठीक हाय.” सहा महिने ती गप्प का राहिली ते मला तेव्हा कळलं. तक्रार केली की लेकाला बोलावतील, लेकाची खाडी पडेल, दिवसाची मजुरी बुडेल, म्हणून.

मीही मागून गेले, ऑटो केली आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक नवी डॉक्टर मुलगी होती. तिनं नाडी बघितली, पोट दाबून बघितलं आणि म्हणाली, “आज्जी, आ करा.” सुगंधाबाई करेना. फार मिनत्या केल्या तेव्हा तोंड उघडलं. डाव्या बाजूची खालची दाढ तुटलेली, तिचं अणकुचीदार टोक गालात रुतून आत एवढी जखम झालेली, जिभेच्या कडेलाही. घास फिरवला की कापत होतं. भाकरी सोड, भातसुद्धा जात नसणार. पहिल्यांदा आम्हांला कॅन्सरची भीती घातली, तुकडा काढून तपासायला पाठवला. तसं काही निघालं नाही. दाढ काढली, औषध लावायला दिलं. एका दाढेसाठी सात किलो, श्रीवत्स.

तू तिला ‘आ कर’ म्हणाला नाहीस. आणि ऐक, मीही म्हणाले नाही. मी शिवम्माला दोष दिला, बसवंतप्पांना दिला, तुला दिला. तिच्यासमोर रोज उभी असून मी तिच्या तोंडात बघितलं नाही. ऑटोतून परत येताना मला माझी लाज वाटली, पण तुझ्यावरचा राग त्यानं कमी झाला नाही.

सुनीलकुमारनं तिला आश्रमात परत पाठवलं नाही. वाडीला चुलतभावाच्या घरी ठेवलंय, बायकोला महिनाभर तिथं सोडून तो हैदराबादला गेला.

आता उरल्या तिघी. त्यांना फोन करून बोलावता येईल असा मुलगा नाही. चंद्रम्माला तर कुणीच नाही. देवळापुढं फुलं विकायची, पडली तेव्हा शेजाऱ्यांनी आणून सोडली. येत्या रविवारी तुझी फेरी आहे. त्या तिघींना तपास, दुसऱ्या घरात खूण कर. मागं काय झालं ते मी उगाळणार नाही. बहीण म्हणून शब्द देते.

वाट बघते.

अक्का


नौबाद, बीदर
१६ जानेवारी २०११

चि. श्रीवत्स,

परवा संक्रांत झाली. तिळगूळ पाठवला नाही. दर वर्षी कुणी ना कुणी गुलबर्ग्याला जाणारं मिळतं, यंदा मी शोधलंच नाही.

आधी चांगली बातमी. येळवसेच्या अमावस्येला मी सुगंधाबाईच्या वाडीला जाऊन आले. सुनीलकुमारनं फोन करून आग्रह केला. औरादला उतरून जीपनं गेले. शेतात कडब्याची खोपट्यासारखी कोप घातलेली, सगळी भावकी जमलेली, अंबिलीची मडकी, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे. सुगंधाबाई उन्हाला घोंगडीवर बसली होती. मला बघून म्हणाली, “ये सिस्टरबाई, आता कर वजन!” भज्जी मऊ करून वाटीभर खाल्ली, वर अंबिल प्याली आणि सुनेला, मीठ कमी पडलं म्हणून बोलली. सुनेनं हसून माझ्याकडं बघितलं. अंगावर अजून मांस नाही, पण आवाज परत आलाय.

इकडं हवा कोरडी आहे. हरभरा बरा आहे म्हणतात. आश्रमातल्या दोन खोल्यांना नवी खिडकी बसवली. हे सगळं मी कामून लिहायलेय तुला? लिहायचं ते बाजूला ठेवून मी खिडक्या सांगत बसलेय.

चंद्रम्मा गेली.

येळवसेच्या दिवशीच गेली. मी सुगंधाबाईकडं अंबिल पीत होते तेव्हा. आश्रमातली कामाची निम्मी माणसं सणाला शेतात गेलेली, मल्लिकार्जुनही गेलेला. शिवम्मानं दुपारी ताट ठेवलं, उचलायला आली तेव्हा चंद्रम्मा ‘आयतु’ म्हणाली नाही. मी परत आले तर बाहेर ओट्यावर निजवली होती, वर चादर. मी चादर काढून बघितली. मी एवढी वर्षं नोकरी केली, पुष्कळ मेलेली माणसं बघितली. पण बरगड्यांवर एवढं ताणलेलं कातडं मी दवाखान्यात नाही, दुष्काळाच्या जनावरावर बघितलंय.

डिसेंबरात तू आलाच नाहीस. उद्घाटनाची गडबड आहे म्हणून मल्लिकार्जुन फॉर्म घेऊन गुलबर्ग्याला आला आणि तू तिथूनच सह्या दिल्यास. तिघींनाही पुन्हा पहिलं घर. डॉक्टरांच्या सांगण्यावरून. मी तुला लिहिलं होतं, शब्द दिला होता, मिनती केली होती, आणि तू खाटा न बघता, माणसं न बघता खुणा केल्यास. वजनं तरी वाचलीस का? ती मीच लिहिली होती. तेहतीस. चंद्रम्मा तेहतीस किलो होती, आणि तुझ्या लेखी तिला आणखी कमी करायचं होतं!

आणि तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर तू ‘वृद्धापकाळ’ लिहून पाठवलंस. प्रेत न बघता.

मी तेव्हाच ठरवलं. रागाच्या भरात नाही, दोन दिवस जेवण गेलं नाही तेव्हा शांतपणे ठरवलं. जिल्ह्याच्या कचेरीत म्हाताऱ्या माणसांच्या तक्रारी बघणारे साहेब आहेत. त्यांच्याकडं जाऊन जबानी दिली. ते स्वतः आश्रमात आले, बाहेरचा डॉक्टर आणि बाहेरचा काटा घेऊन. सगळ्यांची वजनं पुन्हा झाली. उरलेल्या दोघींना त्याच दिवशी दवाखान्यात हलवलं. एक परत आली, एक अजून तिथंच आहे, सुधारतेय म्हणतात. पावसाळ्यात काढलेल्या दोन्ही बायांना परत घेतलं. शिवम्मा आता एकीजवळ बसून सगळं ताट संपेपर्यंत भरवते. मदत बंद पडली नाही, हे बसवंतप्पांना सांग. अमेरिकेतून फोन आला होता, त्यांनी पहिला प्रश्न विचारला की दोघी कशा आहेत.

मला मात्र कामावरून काढलं. बसवंतप्पा स्वतः आले होते, घरी. खुर्चीवर बसले, पाणी प्याले. “अक्का, तुम्ही आमच्या आश्रमाची आई होतात,” म्हणाले. मग म्हणाले, “भावाचं नाव तेवढं मागं घ्या. डॉक्टरांचं करिअर हाय. अप्पांचं नाव लागायलंय दवाखान्यावर.” मी म्हटलं, “बसवंतप्पा, चंद्रम्माचं नाव तुमच्या आश्रमात कुठं लावणार?” ते उठले आणि गेले. पाण्याचा पेला अर्धा राहिला.

त्यानंतर भार्गवीचा फोन आला. तू सांगून करवलास का ते मी विचारत नाही. रडत होती. “आत्या, बाबांचं नाव नको ना गं घेऊ. चुकलं असेल त्यांचं. पण घरातल्या घरात सांगायचं होतंस.” मी म्हटलं, “बाळ, दोन पत्रं घरातल्या घरातच लिहिली होती.” पत्रांची गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. मग मी तिला चंद्रम्माचं सगळं सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, “आत्या, तिच्याशी कानडीतून कोण बोलायचं गं तिथं?” आणि माझ्या तोंडाला जे कुलूप लागलं होतं ते निघालं. फोन धरून मी रडले, पहिल्यांदा.

आता जबानीबद्दल. तुला नोटीस मिळाली असेल, त्यात मी काय सांगितलं ते सगळं नसेल. म्हणून मीच सांगते. साहेबांनी विचारलं, ह्या फॉर्मांना जबाबदार कोण. मी पहिलं नाव माझं सांगितलं. कुसुम हणमंतराव, सिस्टर. दर महिन्याला वजन मी घेतलं, उतरलेलं माझ्या डोळ्यांना दिसलं, तुझ्या सहीखाली माझीही सही आहे, आणि नोव्हेंबरची खूण खोटी आहे हे कळल्यावरही डिसेंबरच्या फॉर्मवर मी सही केली. भाऊ दुरुस्त करेल म्हणून केली. दुसरं नाव तुझं. तिसरं बसवंतप्पांचं. साहेबांनी लेखणी थांबवून विचारलं, “डॉक्टर तुमचे कोण?” मी सांगितलं. त्या दिवशी सुनीलकुमारला सांगता आलं नाही, ते ह्या वेळी सांगितलं.

चौकशी सत्तावीस तारखेला आहे. सव्वीसला तुझा दवाखाना उघडतो. मी येणार नाही. अप्पांचं नाव काढ असं मी म्हणत नाही, तो हक्क तुझाही आहे. उद्घाटन कर, पाहुण्यांना जेवू घाल. मग रात्रीच्या गाडीनं इकडं ये. वकील आणू नकोस. साहेबांसमोर माझ्या शेजारी उभा राहा आणि सांग की चंद्रम्माला बारीक करायला मी सांगितलं नव्हतं, तिला तपासलं नव्हतं, तिला ओळखतही नव्हतो. एवढं बोललास तर तुला काय शिक्षा होईल मला माहीत नाही. मलाही होईल. आपण दोघं मिळून भोगू, मी तुला एकटा सोडणार नाही.

आला नाहीस तर मी एकटीच उभी राहीन आणि जे आहे ते सांगेन, तुझं नाव घेऊन, जितक्यांदा विचारतील तितक्यांदा.

वर नेहमीसारखे आशीर्वाद लिहिले नाहीत, तुझ्या लक्षात आलं असेल. पेन थांबलं होतं. आता लिहिते. औक्षवंत हो. पोटभर जेवत जा.

सत्तावीसला सकाळी कचेरीच्या दारात उभी असेन.

कुसुम